शेवाळाची हिरवी पूड : घोड्याला किती, कुत्र्याला किती?

बिद्रीकडचे एक नालबंद बंधू वरातीसाठी दोन घोड्या बाळगून आहेत. नालबंदीच्या कामावर आता घर चालत नाही, म्हणून लग्नसराईत घोड्या भाड्याने देतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांना एका फिरत्या विक्रेत्याने डबा आणून दिला. आत गडद हिरवी, मासळीसारखा वास येणारी पूड. 'गोड्या पाण्यातले शेवाळ आहे, साठ टक्के प्रथिन आहे, हरभऱ्याची चंदी बंद करा आणि रोज दोन मोठे चमचे हे घाला,' असे सांगून तो पैसे घेऊन गेला. आमच्या या बंधूंनी डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावून फळीवर ठेवून दिला. मग भेटीत आम्हाला दोन प्रश्न विचारले. चंदी खरोखर बंद करता येईल काय, हा पहिला. दुसरा असा की हे जर शेवाळच असेल, तर दूधगंगेच्या काठच्या डबक्यांत उन्हाळ्यात ते पाट्यांनी मिळते. तेच वाळवून का घालू नये?

दोन्ही प्रश्न धंद्याचे आहेत आणि घोडे, कुत्री बाळगणाऱ्या प्रत्येकाने विचारावेत असे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात जनावराचा जीव गुंतलेला आहे.

डबक्यातले शेवाळ

डबक्यातले, तळ्यातले किंवा नदीच्या थांबलेल्या पाण्यातले हिरवे कधीही वाळवून घोड्याला वा कुत्र्याला घालू नये. ही गोष्ट नवी नाही. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडचे रसायनतज्ज्ञ जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली 'नेचर' या विज्ञानविषयक साप्ताहिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. मरे नदीच्या मुखाजवळ अ‍ॅलेक्झांड्रिना नावाचे सरोवर आहे. त्याच्या पाण्यावर त्या वर्षी रंगाच्या डब्यावर येते तशी दाट हिरवी साय आली होती. वाऱ्याने ती काठाला जमे आणि काठावर पाणी पिणारी जनावरे मरत. फ्रान्सिस यांनी किती वेळात कोण मेले तेही नोंदवले आहे : मेंढ्या एक ते सहा-आठ तासांत, डुकरे तीन-चार तासांत, कुत्री चार-पाच तासांत आणि घोडे आठ ते चोवीस तासांत. शेवाळाच्या विषाची ही शास्त्रात गाजलेली पहिली नोंद, आणि तिच्यात घोडा व कुत्रा दोघेही आहेत.

कारण असे. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात दोन वेगळ्या जाती आहेत. एक खरे हिरवे शेवाळ. दुसरे निळे-हिरवे शेवाळ, जे खरे तर शेवाळ नसून सूर्यप्रकाशावर जगणारे जीवाणू आहेत. या दुसऱ्या जातीतले काही प्रकार विष तयार करतात. त्यांत मायक्रोसिस्टिस हा आपल्या देशातल्या तळ्यांत नेहमी आढळणारा प्रकार आहे. त्याच्या विषाला मायक्रोसिस्टिन म्हणतात आणि ते यकृतावर घाव घालते. दुसऱ्या काही प्रकारांचे विष मज्जातंतूंवर जाते. तेथे जनावर थरथरते, पाय टाकता येत नाहीत, श्वास अडतो आणि पशुवैद्य पोहोचण्याआधीच खेळ संपतो. यकृताच्या विषात कुत्र्याला आधी उलट्या आणि पातळ जुलाब होतात, ते मलूल पडते, मग हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या दिसतात. या विषांवर नेमका उतारा नाही. अंगावरची साय लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे, कुत्र्याला अंग चाटू न देणे आणि वेळ न घालवता पशुवैद्याकडे नेणे, एवढेच मालकाच्या हातात असते.

कित्येकांना वाटते की उकळले किंवा कडक उन्हात वाळवले म्हणजे दोष जातो. मायक्रोसिस्टिन उकळून जात नाही आणि वाळवूनही जात नाही. उलट वाळवल्यावर पाणी उडते आणि विष तेवढेच उरते, म्हणजे चिमटीत जास्त येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली पिण्याच्या पाण्यासाठी या विषाची मर्यादा सुचवली ती एका लिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. यावरून वस्तू किती जालीम आहे ते कळावे. २०२० साली आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात तीनशेहून अधिक हत्ती मेले. तेथील सरकारने त्याचे कारण पाणवठ्यांतले हेच निळे-हिरवे शेवाळ असल्याचे सांगितले.

आपल्याकडे सांडपाणी, साबणाचे पाणी आणि उसाच्या फडातून वाहून येणारा युरिया थांबलेल्या पाण्यात उतरला की शेवाळाला खुराक मिळतो. रंकाळ्यावर हिरवा थर आलेला कोल्हापूरकरांनी अनेकदा पाहिला आहे. बिद्रीच्या परिसरात ऊस दाट आहे, खते भरपूर पडतात आणि नदीचे पाणी बंधाऱ्यांनी अडलेले असते. तेव्हा उन्हाळ्यात डबकी हिरवी होणे ओघाने आलेच. डोळ्यांनी पाहून कोणते विषारी ते ओळखता येत नाही. अंदाजासाठी एक जुनी युक्ती आहे. काचेच्या बरणीत ते पाणी भरून, हातमोजे घालून, रात्रभर न हलवता ठेवावे. हिरवा थर वर तरंगला तर निळ्या-हिरव्या जातीचा दाट संशय घ्यावा. तळाला बसला तर बहुधा साधे शेवाळ. काडीने उचलल्यावर केसांसारखे धागे येत असतील तर तेही बहुधा साधेच. पण 'बहुधा' या शब्दावर घोडी पणाला लावण्यात शहाणपण नाही. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शकाखाली जात कळू शकते. विष आहे की नाही ते मात्र प्रयोगशाळेतच कळते.

घोडा पाण्यावर न्यायचा तर वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ टाळावा, कारण साय तेथेच जमते. विहिरीचे किंवा नळाचे पाणी बादलीने पाजलेले सर्वांत उत्तम. कुत्रा अशा पाण्यात डुंबला आणि बाहेर येऊन अंग चाटू लागला तर त्याच्या पोटात पाण्यापेक्षा साय अधिक जाते. शिकारी व राखणीच्या कुत्र्यांत हा धोका मोठा आहे.

एकाच नावाखाली निरनिराळा माल

बाजारात 'शेवाळाची पूड' म्हणून जे येते ते एक नाही. गिऱ्हाइकाला फरक ठाऊक नसतो. दुकानदाराला तरी असावा.

क्लोरेला हे खरे गोड्या पाण्यातले हिरवे शेवाळ. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८९० साली त्याचे वर्णन केले. प्रथिन चांगले असते, परंतु प्रत्येक पेशीभोवती कडक कवच असते. ते यंत्राने फोडलेले नसेल तर कुत्र्याच्या पोटातून पूड बरीचशी जशीच्या तशी बाहेर पडते. म्हणून डब्यावर कवच फोडलेले असल्याचा उल्लेख आहे काय ते पाहावे.

स्पिरुलिना हा सर्वांत खपाचा माल. तो निळ्या-हिरव्या जातीतलाच, पण विष न करणारा प्रकार आहे, आणि त्याला गोडे पाणी फारसे मानवत नाही. खारे-सोड्याचे पाणी लागते. आपल्या महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे त्याचे घर. लोणारचे पाणी वर्षानुवर्षे हिरवे दिसत आले त्यात याचा मोठा वाटा आहे. जून २०२० मध्ये ते पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे आढळले. लोणार अभयारण्य आहे, तेथून माल उचलण्याचा विचार कोणी करू नये. आफ्रिकेतील चाड सरोवराकाठी कानेम प्रदेशातल्या मुस्लिम स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या हेच शेवाळ गोळा करतात, वाळूच्या खळग्यात ओतून पाणी झिरपू देतात, वर राहिलेल्या थराच्या वड्या उन्हात वाळवून बाजारात विकतात. त्याला तेथे दिहे म्हणतात आणि ते कालवणात पडते. म्हणजे हा व्यापार आजच्या डब्याबाटल्यांच्या फार आधीचा आहे.

तिसरा माल अमेरिकेतून येतो. ओरेगॉन राज्यातील अप्पर क्लॅमथ या गोड्या पाण्याच्या सरोवरातून अ‍ॅफॅनिझोमेनॉन नावाचे निळे-हिरवे शेवाळ थेट गोळा करून वाळवतात. ते टाकीत वाढवलेले नसून निसर्गातून उचललेले असते, त्यामुळे शेजारी वाढणारा विषारी मायक्रोसिस्टिस त्यात मिसळण्याचा धोका राहतो. त्याच कारणाने ओरेगॉन राज्याने १९९७ साली अशा मालात एका ग्रॅमला एक मायक्रोग्रॅमहून अधिक मायक्रोसिस्टिन असू नये अशी मर्यादा घातली. मर्यादा घालून प्रश्न मिटला असे नाही. २०१५ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांनी अकरा वर्षांच्या एका पग कुत्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मालकाने प्रकृतीसाठी म्हणून निळ्या-हिरव्या शेवाळाचे पूरक दिले होते. यकृत बिघडले आणि तपासणीत त्या पूरकातच मायक्रोसिस्टिन सापडले. डबा सीलबंद होता, म्हणजे निर्धोक होता असे झाले नाही. आमचे मत विचाराल तर सरोवरातून उचललेला माल जनावरासाठी घेऊच नये. टाकीत वाढवलेला घ्यावा.

या तिघांच्या शेजारी समुद्रशेवाळाची तपकिरी पूडही मांडलेली असते. ती वेगळीच वस्तू आहे. तिच्यात आयोडिन भरमसाट असू शकते. गाभण घोडीला ती सतत घातल्यास शिंगराला गलगंड होतो. हिरव्या पुडीऐवजी चुकून ती दिली गेली तर नुकसान दुकानदाराच्या नावावर जमा होते.

चंदीचा हिशेब

आता पहिला प्रश्न. साठ टक्के प्रथिन हे खोटे नाही. चांगल्या वाळवलेल्या स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिन असते. पण टक्के आणि वजन यांत गल्लत झाली की गिऱ्हाईक फसते.

आपल्याकडची लहान चणीची घोडी सुमारे ३०० किलोची धरा. हलक्या कामावर तिला दिवसाला साधारण ४२० ग्रॅम प्रथिन लागते. डब्यांवर घोड्याला वीस-तीस ग्रॅम पूड सांगितलेली असते. वीस ग्रॅम म्हणजे तीन मोठे चमचे. त्यात प्रथिन किती? बारा ग्रॅम. गरजेच्या तीन टक्के. हरभऱ्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते, तेव्हा तेवढेच बारा ग्रॅम प्रथिन ६० ग्रॅम हरभऱ्यात, म्हणजे एका ओंजळीहून कमी दाण्यात मिळते. शक्तीचा हिशेब तर याहून वाईट. घोडी दिवसाला सुमारे बारा हजार किलोकॅलरी खर्च करते आणि वीस ग्रॅम पूड साठ-सत्तर देते. चंदी बंद करून पूड घालणारा मालक आपली घोडी उपाशी ठेवतो. पंधरा दिवसांत फासळ्या दिसू लागतील आणि वरातीत बँडच्या आवाजाला बिचकण्याइतकाही दम तिच्यात उरणार नाही.

भावाचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावच्या दराने करावा, रीत सांगतो. किलोभर पुडीत ६०० ग्रॅम प्रथिन, किलोभर हरभऱ्यात २०० ग्रॅम. म्हणजे पुडीचा भाव हरभऱ्याच्या तिप्पट असता तर प्रथिनाच्या दृष्टीने दोन्ही सारखे पडले असते. प्रत्यक्षात पूड हरभऱ्याच्या कितीतरी पट महाग असते. शेंगदाणा पेंड आणि सोयाबीनची पेंड यांत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते, तेव्हा त्यांच्यापुढे तर पूड उभीच राहत नाही. (पेंड घेताना बुरशी नाही ना हे पाहावे; शेंगदाण्याच्या बुरशीचे विष घोड्याला चटकन बाधते.)

अंगावरच्या केसांची चकाकी हा दुसरा दावा. स्पिरुलिनात उपयुक्त चरबी आहे हे खरे, पण वीस ग्रॅम पुडीत सगळी मिळून एक ग्रॅमच्या आसपास. जुने सईस घोड्याला जवस शिजवून घालत. त्यात पुडीच्या कितीतरी पट चरबी मिळते आणि किंमत नगण्य. त्यावर रोजचा खरारा. चकाकीसाठी आम्ही जवस आणि खराऱ्याच्या पलीकडे जाणार नाही.

जीवनसत्त्व ब-१२ भरपूर असल्याचेही डब्यावर छापलेले असते. स्पिरुलिनातले बहुतेक ब-१२ शरीराला न लागणाऱ्या स्वरूपाचे असते. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू त्याला लागणारे ब-१२ स्वतःच बनवतात, आणि कुत्र्याला ते मांसातून मिळते. या मुद्द्यावर पैसे घालवू नयेत. लोहाचेही तसेच, चारा-पाण्यातून घोड्याला लोह पुरेसे जाते, वरून ओतण्याची गरज क्वचित पडते.

मग पुडीत काही अर्थ आहे की नाही? आहे, आणि तो बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. पुडीची खरी ताकद तिच्या रंगात आहे. हिरव्या चाऱ्यात जे कॅरोटिन असते, ज्याचे शरीरात जीवनसत्त्व अ बनते, ते स्पिरुलिनात खच्चून भरलेले असते. चांगल्या मालात एका ग्रॅमला एक ते दीड मिलिग्रॅम. घोड्याच्या शरीरात एक मिलिग्रॅम कॅरोटिनचे ४०० एकके जीवनसत्त्व अ धरतात. म्हणजे वीस ग्रॅम पुडीतून आठ ते बारा हजार एकके. ३०० किलोच्या घोड्याची नुसती उभे राहण्याची गरज नऊ हजार आणि कामाची साडेतेरा हजार एकके आहे. ज्या तबेल्यात महिनोन्‌महिने वाळला कडबा आणि दाणा याखेरीज काही जात नाही, तेथे तीन चमचे पूड ही उणीव जवळजवळ भरून काढते. रातांधळेपणा, डोळ्यांतून पाणी, रखरखीत कातडी, वारंवार सर्दी हे त्या उणिवेचे परिणाम असू शकतात.

पण हीच उणीव अर्धा-एक किलो ताजा लसूणघासही भरून काढतो. शिवाय हिरवळीच्या दिवसांत घोडा यकृतात जीवनसत्त्व अ साठवून ठेवतो आणि ती शिल्लक काही महिने पुरते. बिद्रीसारख्या ठिकाणी, जेथे पावसाळ्यात गवत गळ्याइतके आणि गळीत हंगामात उसाचे वाडे बांधावर पडलेले, तेथे पुडीची गरज पडेलच असे नाही. (वाडे एकटे मात्र पुरत नाहीत. त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम अडकवते. सोबत घास हवाच.) गरज पडते ती चाऱ्याची टंचाई असलेल्या कोरड्या मुलुखात, माथेरानच्या डोंगरावर जेथे चारा खालून चढवावा लागतो, किंवा शहरातल्या अशा तबेल्यात जेथे हिरवी पेंडी फुलांच्या भावाने मिळते. उच्च न्यायालयाच्या २०१५ सालच्या निर्णयानंतर मुंबईच्या घोडागाड्या गेल्या, पण वरातीचे, सवारीचे, चौपाटीवरचे घोडे ठिकठिकाणी आहेत. महाबळेश्वर-पाचगणीचे घोडेवाले बंधू मार्च ते मे या गर्दीच्या दिवसांत पूड वापरून पाहू शकतात.

कुत्र्याच्या बाबतीत

कुत्रा मांसाहारी कुळातला. ज्याला कसाईखान्यातले तुकडे, हाडाचा रस्सा, कधी अंडे मिळते त्याला प्रथिनासाठी पूड घालणे म्हणजे विहिरीत पाणी ओतणे. ज्याला नुसती भाकरी आणि ताक मिळते त्याचे प्रथिन कमी पडते, परंतु त्यालाही एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिन मिळते. तेवढ्यासाठी पूड दहा ग्रॅम लागेल. कोणते स्वस्त ते सांगायला नको.

तरीही एक अभ्यास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नेस्ले प्युरिना या कुत्र्यांचे खाद्य बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली तो प्रसिद्ध केला. तीस तरुण कुत्र्यांवर ४२ आठवडे प्रयोग चालला. काहींच्या खाद्यात स्पिरुलिना मिसळली होती, काहींच्या नाही. ज्यांना मिळाली त्यांच्यात रेबीजच्या लशीला शरीराने दिलेला प्रतिसाद अधिक चांगला दिसला आणि आतड्यांची घडी अधिक स्थिर राहिली. अभ्यास खाद्य विकणाऱ्या कंपनीचाच होता हे विसरू नये. पण निष्कर्ष टाकाऊ नाही. त्यात पुडीचे प्रमाण किती होते पाहा : खाद्याच्या ०.२ टक्के. म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅम कोरडे खाद्य खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याला एक ग्रॅमहूनही कमी, चहाच्या चमच्याचा पाव हिस्सा. आणि लोक चमचेच्या चमचे घालतात!

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे मेंढपाळांकडे आणि शेतावर कारवान जातीची सडपातळ कुत्री असतात; सीमेपलीकडे मुधोळच्या नावाने ती ओळखली जातात. ही कुत्री मुळातच अंगाने बारीक. फासळी दिसते म्हणून ती कुपोषित आहेत असे समजून डबे विकणारे आणि विकत घेणारे दोघेही चुकतात. आधी जंताचे औषध झाले आहे काय, रेबीजची लस टोचली आहे काय, हे विचारावे. लशीचा प्रतिसाद वाढवणारी पूड लस न टोचलेल्या कुत्र्याला घालून काय होणार?

कशी घालावी

घोड्याला पहिल्या आठवड्यात पाच ग्रॅम. तोबऱ्यात ओला भरडा असावा. कोरड्या दाण्यावर पूड टाकली तर घोडा फुंकर मारून उडवतो आणि नाकात गेली की तोबरा झिडकारतो. वासाने काही घोडी तोंड लावत नाहीत. त्यावर आपल्या कोल्हापूरचा गूळ हा उपाय. खडाभर गूळ कोमट पाण्यात विरघळवून भरड्यात कालवावा. उकळत्या पाण्यात पूड टाकू नये, तिच्यातला गुण कमी होतो. लीद पातळ झाली तर थांबावे. दोन आठवड्यांत हळूहळू वीस ग्रॅमपर्यंत न्यावे, त्यापुढे जाण्यात फायदा नाही. हिरवा चारा सुरू झाला की बंद करावे.

कुत्र्याला पाव चमच्याच्याही निम्म्याने सुरुवात करून जेवणात कालवावी. यकृताचे दुखणे असलेल्या, गाभण, पिल्ले पाजणाऱ्या किंवा कायमची औषधे चालू असलेल्या जनावराला पशुवैद्याला विचारल्याखेरीज देऊ नये. ज्या जनावराला ताप आहे, जे खात नाही, लंगडते किंवा झपाट्याने वाळते आहे, त्याच्यावर पूड हा इलाज नाही. तेथे प्रत्येक गेलेला दिवस महाग पडतो.

माल घेणाऱ्या दुकानदारासाठी

मोकळ्या पोत्यातला माल घेऊ नये. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि त्या बॅचचा प्रयोगशाळेचा दाखला मागावा. दाखल्यात मायक्रोसिस्टिन, शिसे, आर्सेनिक, पारा आणि जंतूंची तपासणी असावी. शेवाळ पाण्यातले जड धातू ओढून घेते, म्हणून हा आग्रह. खाण्याच्या स्पिरुलिनासाठी भारतीय मानक आयएस १२८९५ आहे. विक्रेत्याला त्याचे नावही ठाऊक नसेल तर पुढे काय ते समजावे.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन चिमूटभर पूड टाकावी आणि काही तास ठेवावी. चांगल्या स्पिरुलिनातून पाण्यात निळसर रंग उतरतो. फार तापवून वाळवलेल्या किंवा जुन्या मालात निळा रंग फिका येतो. क्लोरेलात येतच नाही. लगेच भडक हिरवे पाणी झाले तर रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. ही परीक्षा जात आणि ताजेपणा सांगते. विष सांगत नाही. ते काम दाखल्याचे.

उजेड, उष्णता आणि दमट हवा यांनी कॅरोटिन नासते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओली राहते, तेव्हा लहान डबे मागवावेत आणि उघडा डबा दोन महिन्यांत संपवावा. कॅप्सूल विकत असाल तर आवरण कशाचे आहे ते आधी विचारून ठेवा. आपले गिऱ्हाईक ते हमखास विचारते.

टाकी घालावी काय?

काही तरुण बंधू स्वतः उत्पादन करावे काय असे विचारतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने या विषयात पूर्वीच काम केले, गावपातळीवरच्या टाक्याही झाल्या. रीत अवघड नाही, पण निगुतीची आहे. दहा चौरस मीटरच्या उथळ टाकीत वीस सेंटिमीटर पाणी म्हणजे २,००० लिटर. प्रचलित कृतीप्रमाणे लिटरला सुमारे १७ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे पहिल्या भरणीलाच ३४ किलो. शिवाय नत्र, स्फुरद, पालाश आणि लोह, तेही खाण्यायोग्य दर्जाचे, कारण खताच्या दर्जाच्या रसायनांतले धातू पुडीत उतरतात. विश्वासू ठिकाणचे शुद्ध विरजण. ३० ते ३५ अंश उष्णता आणि दिवसभर ढवळणे. उघड्या टाकीत एका चौरस मीटरमागे दिवसाला पाच ते आठ ग्रॅम कोरडी पूड उतरली तर बरी. म्हणजे दहा मीटरच्या टाकीत ५० ते ८० ग्रॅम. तेवढ्यात तीन-चार घोड्यांची सोय होते, धंदा होत नाही.

बिद्रीत अडचण पावसाची आहे. राधानगरीच्या बाजूने उतरणारा पाऊस चार महिने टाकीतला सोडा पातळ करील, ऊन मिळणार नाही, आणि सोडा उतरला की त्याच टाकीत नको ते शेवाळ वाढेल. छप्पर घातले तर खर्च वाढतो. हिवाळ्याच्या रात्री पाणी गार पडून वाढ मंदावते. जत-आटपाडीसारख्या कोरड्या मुलुखातल्या बंधूंना हे काम अधिक साधेल. कोणत्याही कारखान्याचे सांडपाणी खत म्हणून टाकीत सोडण्याचा मोह तर धरूच नये. जनावराच्या पोटात जाणारी वस्तू आहे.

नालबंद बंधूंना आम्ही डब्याच्या तळाशी छापलेली बॅच वाचून दाखवायला सांगितली. बॅच नव्हती, तारीखही नव्हती. पेल्यातल्या पाण्यात निळा रंग उतरला नाही. डबा त्यांनी उकिरड्यात पुरला, कुत्र्याला पोहोचणार नाही इतका खोल. दोन्ही घोड्यांची चंदी पूर्वीसारखी चालू आहे. परसातल्या दोन गुंठ्यांत त्यांनी लसूणघास लावला असून रोज संध्याकाळी एकेक पेंडी कापतात.